सासूबाईंची साक्ष

गिरिजाने आणलेले फोटो वकीलबाईंनी टेबलावर एकेक करून मांडले. तळ्याकाठी उभी असलेली गिरिजा. बर्फात गुडघाभर रुतलेली गिरिजा. बसस्टॉपवर तोंड फुगवून बसलेली गिरिजा. पोळ्या लाटताना, पिठाचे हात पुढे करून "नको ना रे आत्ता" म्हणणारी गिरिजा.

"फोटो फार छान आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "पण यात तुमचा नवरा कुठे आहे?"

"कॅमेऱ्याच्या मागे," गिरिजा म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. ॲन आर्बरच्या त्या छोट्या ऑफिसात बसून त्यांनी आजवर अनेक जोडप्यांचे कागद तयार केले होते, पण इथे जोडप्यातली एकच बाजू समोर बसली होती. कुश अमेरिकेतच जन्मलेला, इथला नागरिक. त्याच्याशी लग्न झाल्यावर गिरिजाला ग्रीन कार्ड मिळालं ते अटीवर, दोन वर्षांपुरतं. मुदत संपायच्या आत नवरा-बायको दोघांनी मिळून अर्ज करायचा की आमचा संसार खरा आहे, अट काढून टाका. कार्डाची मुदत येत्या जानेवारीत, म्हणजे २००७ च्या सुरुवातीला संपत होती. आणि कुशला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"तुम्हाला एकटीला अर्ज करता येतो," बाई म्हणाल्या. "कायद्यात तशी सोय आहे. पण लग्न कागदांसाठी केलेलं नव्हतं, हे दाखवावं लागेल. घराचा करार?"

"त्याच्या नावावर. लग्नाआधीपासूनचा."

"बँक?"

"एक जॉइंट अकाउंट उघडलं होतं. वापरलं नाही फारसं."

फोन, वीज, गॅस, सगळं कुशच्या नावाने. "नेक्स्ट वीक नक्की, यार," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा आणि गिरिजाही मान डोलवायची. तिशीतल्या माणसांना घाई कसली असते!

"मग जवळच्या माणसांची शपथपत्रं लागतील," वकीलबाई म्हणाल्या. "सगळ्यात वजन कशाला असेल, सांगू? त्याच्या आई-वडिलांच्या शब्दाला. ते देतील ना?"

गिरिजा फोटो गोळा करू लागली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

गिरिजा अमरावतीची. नागपूरला फार्मसी करून पीएच.डी.साठी इथे आली, तेव्हा कुणाशी लग्न-बिग्न करायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. पहिल्याच वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, एका शाळेच्या जिममध्ये, ताशा वाजवायला कुणी मिळेना. तेव्हा कुणीतरी कुशला धरून आणलं. तो शेजारच्या गावात शाळेच्या बँडचा मास्तर. त्याने ताशा उलटसुलट करून पाहिला, दोन-चारदा वाजवून बघितला आणि मग असा काही कडकडाट सुरू केला, की मंडळातले काका लोक झांजा वाजवायचं विसरले. आरती संपल्यावर तो गिरिजासमोर प्रसादाचा द्रोण घेऊन आला आणि म्हणाला, "हे काय आहे? इट्स अमेझिंग." त्याला पंचखाद्य माहीत नव्हतं. तिने ते त्याला समजावून सांगितलं आणि ते समजावणं मग फार लांबलं.

लग्न झालं २००४ च्या उन्हाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला, त्याच्या आई-वडिलांच्या गावी. सासरे मोहनराव मऊ माणूस. सासूबाई, सरलाबाई, मूळच्या मिरजेच्या. जवळच्या वूस्टरच्या हॉस्पिटलमध्ये लॅबमधली सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या. मराठी मुलगी सून म्हणून आली याचा त्यांना आनंदच होता. फक्त एकच हट्ट होता: दोघांनी मॅसॅच्युसेट्सला यावं. तिकडच्या एका शाळेत कुशची नोकरी जवळजवळ ठरलीही होती. पण गिरिजाची पीएच.डी. अर्ध्यात होती, म्हणून कुशने ती नोकरी नाकारली. सरलाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. त्या एकदाही ॲन आर्बरला आल्या नाहीत. "तूच ये," म्हणायच्या आणि तो जायचा.

पुढल्याच वर्षी, ऑक्टोबरातल्या एका स्वच्छ दुपारी, शाळेच्या मैदानावर बँडच्या मुलांना कवायतीच्या रांगेत उभं करत असताना कुश कोसळला. मुलांना आधी वाटलं, सर गंमत करताहेत. हृदयात जन्मापासूनचा दोष होता, कुणालाच कधी कळला नव्हता.

श्रूजबरीला अंत्यसंस्कारानंतर घरभर माणसं असताना सरलाबाई गिरिजाला म्हणाल्या, "इथे असता तर माझ्या डोळ्यांसमोर असता. माझ्या हॉस्पिटलात नेला असता मी त्याला." सगळ्यांनी ऐकलं. गिरिजाने खाली मान घातली. त्यानंतर दोघींचं बोलणं नाही. मोहनराव रविवारी फोन करायचे, गॅरेजमधून, आवाज खाली ठेवून. "बरी आहेस ना, बेटा?" एवढंच विचारायचे.

अमरावतीहून आई म्हणायची, "आता तिथं कोणाच्या भरवशावर राहतेस, बाई? डिग्री घे अन् ये परत." आईचं चूक नव्हतं. पण अमरावतीत कुशला पाहिलेलं होतं कुणी? लग्नानंतर तो एकदा पंधरा दिवस आला होता, त्यातले चार दिवस पोट बिघडून झोपून होता. तिथे तो म्हणजे भिंतीवरच्या फोटोतला जावई. इथे बसचा ड्रायव्हर त्याला ओळखायचा. इथे किराणा घेताना एखादी उंच मुलगी मध्येच थांबून म्हणायची, "तुम्ही मिस्टर कुशच्या मिसेस ना? त्यांनी मला ट्रम्पेट दिला होता हातात." हे गाव सोडलं तर त्याचं नाव असं अचानक कानावर कुठे पडणार? हे तिने आईला सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते.

शेवटी तिने मोहनरावांना अर्जाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "फोनवर नको. तू इकडे ये."

विमानाने आणि पुढे बसने ती वूस्टरला पोचली; बसस्टँडवर तेच घ्यायला आले. घरी पोचली तेव्हा सरलाबाई ओट्याशी भेंडी चिरत होत्या. वळून पाहिलं, हात धुतले. लग्नाआधी गिरिजा त्यांना सरलाकाकू म्हणायची, नंतर आई. आता काय म्हणावं ते तिला विमानापासून सुचत नव्हतं. ती नुसतीच वाकून पाया पडली.

"जेवून घे आधी," सरलाबाई म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर गिरिजाने विषय काढला. "वकील म्हणतात, तुम्ही लिहून दिलंत तर फार मदत होईल."

"काय लिहायचं?"

"की आमचं लग्न खरं होतं. आम्ही नवरा-बायको म्हणून एकत्र राहत होतो, हे तुम्हाला माहीत आहे, असं."

सरलाबाईंनी ताटं एकात एक ठेवली. "मला कुठे माहीत आहे?"

गिरिजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सरला, काय बोलतेस हे!" मोहनराव म्हणाले.

"खरं तेच बोलते. लग्न लागलेलं मी पाहिलं. त्यानंतरचं काय पाहिलं? यांचं घर कसं, दार कुठल्या दिशेला, तेही मला ठाऊक नाही. मी तीस वर्षं लॅबमध्ये काढली. जी स्लाइड मी डोळ्यांनी पाहिली नाही, तिच्या रिपोर्टवर कधी सही केली नाही. आणि इथे तर शपथ घ्यायची. नाही जमणार मला."

गिरिजाच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. "त्याने किती वेळा बोलावलं होतं तुम्हाला."

"बोलावलं होतं," सरलाबाई म्हणाल्या आणि ताटं उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरिजा निघाली. मोहनरावांनी बसस्टँडवर तिच्या हातात स्वतः लिहिलेलं शपथपत्र ठेवलं, सुबक अक्षरातलं, दीड पानाचं. ते पुरेसं होईल, असं म्हणत राहिले. गिरिजाने वाकून नमस्कार केला. बसमध्ये बसल्यावर तिने ठरवलं की आता त्या घराची पायरी चढायची नाही.

नोव्हेंबरात एका गुरुवारी लॅबमध्ये असताना तिचा फोन वाजला.

"शनिवारी घरी आहेस का?" सरलाबाईंचा आवाज. "मी येतेय. घ्यायला येऊ नकोस, मी गाडी रेंट करीन. पत्ता सांग."

गिरिजाने पत्ता सांगितला. सांगताना तिच्या लक्षात आलं की सासूबाई तो लिहून घेत नाहीत. त्यांना तो पाठच होता. दर दिवाळीला त्याच पत्त्यावर चिवड्याचा डबा यायचा.

एका जुन्या लाकडी घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. सरलाबाई जिना चढून वर आल्या, बूट काढले आणि दारातच उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी घर बघायला सुरुवात केली. चहा नको म्हणाल्या, बसायला नको म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी सरावाचा ड्रम, त्यावर कुशची टोपी. बेडरूममध्ये पलंगाशी थांबून विचारलं, "तो कुठल्या बाजूला?" गिरिजाने भिंतीकडची बाजू दाखवली. सरलाबाईंनी ती उशी हाताने नीट केली, जरी ती नीटच होती. कपाट उघडून पाहिलं. त्याचे शर्ट होते तसेच होते. गिरिजा दाराला टेकून उभी. तपासणी चाललेली असावी तसं तिला वाटत होतं आणि तरी, का कोण जाणे, कपाटाचं दुसरं दार आपणच उघडून द्यावंसं वाटत होतं.

मग त्या स्वयंपाकघरात आल्या. मांडणीवर डबे होते. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत नावं: जिरे, मोहरि, हींग, साकर.

"हे कुणी लिहिलं?"

"कुशने. मी अक्षरं शिकवत होते त्याला. त्याला म्हटलं, घरातले डबे लिही, सराव होईल."

"साकर," सरलाबाईंनी वाचलं. "साकर!" आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी खुर्ची ओढली आणि डोळ्यांना पदर लावायला गेल्या. पदर नव्हता, स्वेटर होता. स्वेटरच्या बाहीनेच त्यांनी डोळे पुसले. "दर रविवारी मराठीच्या क्लासला न्यायचे मी त्याला. खिडकीतून पळून गेला होता एकदा. माझ्याकडून एक अक्षर शिकला नाही कार्टा."

गिरिजाने आता न विचारताच चहा ठेवला.

"बोलायला मात्र माझ्याकडूनच शिकला," सरलाबाई म्हणाल्या. "हे सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. घरात मराठी बोलणारी मीच. म्हणून तो माझ्यासारखंच बोलायचा. मी येते, मी खाते, मी दमले. मिश्या फुटल्या तरी 'आई, मी खेळायला जाते.' लोक हसायचे. मीही हसायचे, पण सुधारलं नाही कधी. मुद्दाम नाही सुधारलं. वाटायचं, बाकी सगळं या देशाचं आहे त्याच्यात, एवढं माझं आहे."

गिरिजा गॅसकडे तोंड करून ऐकत होती.

"तुमच्या पहिल्या दिवाळीला फोन आला त्याचा. ठेवताना म्हणाला, 'आई, मी नंतर फोन करतो.' करतो! मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. आनंद व्हायला हवा होता ना मला? मला वाटलं, गेला."

"मी दंड करायचे त्याला," गिरिजा हळूच म्हणाली. "एकदा 'येते' म्हणाला की त्या दिवशीची भांडी त्याने घासायची."

"मग पुष्कळ घासली असतील."

"हिवाळाभर मी एक भांडं घासलं नाही."

दोघी हसल्या. चहा उतू गेला. गिरिजा ओटा पुसू लागली तेव्हा सरलाबाई तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी तुला जे बोलले ना, सगळ्यांदेखत." त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, जन्मापासून होतं. जन्मापासून म्हणजे कुणाकडून गं? माझ्याकडूनच ना? मी रोज दुसऱ्यांचं रक्त तपासत होते, आणि घरात... मला कुणाच्या तरी माथी मारायचं होतं ते. तू समोर होतीस."

"आई," गिरिजा म्हणाली. एवढ्या महिन्यांनी तो शब्द तिच्या तोंडून सहज निघाला. "तुमच्याकडून त्याला ताल आला. तो म्हणायचा, तुम्ही भांडी आपटायचात त्यातून तो शिकला."

"असं म्हणायचा?"

"नेहमी."

सरलाबाई तीन दिवस राहिल्या. त्यांना कुशची शाळा पाहायची होती, म्हणून दोघी गाडीने शाळेत गेल्या. मैदानावर मुलं कवायत करत होती, नवा मास्तर शिट्टी फुंकत होता. सरलाबाई कुंपणाशी उभ्या राहून सगळी कवायत संपेपर्यंत पाहत राहिल्या. निघायच्या दिवशी सकाळी त्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "कागद दे. मी मराठीतच लिहीन. शपथ घ्यायची तर माझ्या भाषेत."

त्यांनी घराचं वर्णन लिहिलं, पलंगाची बाजू लिहिली, डब्यांची नावं चुकांसकट लिहिली. आणि लिहिलं की माझा मुलगा बायकांसारखं मराठी बोलत असे, कारण ते तो माझ्याकडून शिकला. लग्नानंतर तो पुरुषासारखं बोलू लागला, आणि रोज सोबत राहून, भांडून, हसून कुणी सुधारल्याशिवाय ते सुधारत नाही, हे मी आई म्हणून सांगते.

भाषांतर गिरिजाने स्वतः करणं बरं दिसलं नसतं. मंडळातल्या शैलेंद्रकाकांनी ते केलं. ते त्या परिच्छेदापाशी अडकले. इंग्रजीत बाई आली काय, पुरुष आला काय, 'आय कम' ते 'आय कम'च. शेवटी त्यांनी 'येते' आणि 'येतो' इंग्रजी अक्षरांत तसेच लिहिले आणि खाली चार ओळींचा खुलासा जोडला. वकीलबाईंचा फोन आला, "हे मला नीट समजावून सांगा." गिरिजाने सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "हे आपण सगळ्यात वर ठेवू."

डिसेंबरात अर्ज गेला. मुलाखतीचं बोलावणं आलं पुढच्या उन्हाळ्यात, डेट्रॉइटला. मधल्या महिन्यांत गिरिजा तयारी करत होती. वकीलबाईंनी बजावलं होतं की मुलाखत घेणारे इमिग्रेशनचे साहेब काहीही विचारू शकतात. कुशला काय आवडायचं, तो रागावला की काय करायचा, शेवटचा सिनेमा कुठला पाहिला, शेवटचं भांडण कशावरून झालं. बसमध्ये, लॅबमध्ये, कपडे वाळत घालताना ती मनात उत्तरं म्हणायची. विसरलेलं एकेक वर यायचं. त्याच्या हिरव्या मोज्यांवरून झालेलं भांडण आठवलं तेव्हा ती बसमधून एक स्टॉप पुढे जाऊन उतरली. लोकांना वाटायचं, पोरगी केसच्या काळजीने वाळली. ती मात्र त्या महिन्यांत रोज त्याच्याकडे राहायला जात होती.

सरलाबाई मुलाखतीसाठी मुद्दाम श्रूजबरीहून आल्या. गाडी त्यांनीच चालवली. आत फक्त गिरिजा आणि वकीलबाई गेल्या. साहेब पोक्त होते, थकलेले. त्यांनी फाइल चाळली, गिरिजाला विचारलं, "पहिल्यांदा कुठे भेटलात?" तिने गणपती, ताशा, पंचखाद्य सांगितलं. मग ते सासूबाईंचं शपथपत्र वाचत राहिले. वाचून झाल्यावर विचारलं, "या आता कुठे असतात?"

"बाहेर बसल्या आहेत," गिरिजा म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. "तुमच्या दुःखाबद्दल मला वाईट वाटतं. कार्ड पोस्टाने येईल."

वकीलबाईंनी टेबलाखाली तिचा हात दाबला. गिरिजा उठली नाही. तिला म्हणावंसं वाटत होतं, आणखी विचारा ना. मोज्यांचं विचारा. माझ्याकडे केवढं तरी आहे अजून.

कार्ड काही आठवड्यांनी खरंच आलं, दहा वर्षांचं, अट नसलेलं. पुढच्या वर्षी पीएच.डी.ही झाली आणि नोकरीही ॲन आर्बरलाच लागली. पण त्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडल्यावर तिचा चेहरा पाहून सरलाबाई घाबरल्या. "नाही म्हणाले?"

"हो म्हणाले."

"मग?"

गिरिजा गाडीत जाऊन बसली. सरलाबाईंनी गाडी नदीकाठी नेली. पलीकडे कॅनडाच्या इमारती उन्हात दिसत होत्या. बाकावर बसून त्यांनी पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, एक गिरिजाच्या हातावर ठेवली.

"काय काय विचारलं?"

"काहीच नाही, आई. कुठे भेटलात, एवढंच. मी सगळं तयार केलं होतं. एवढे महिने. आता कुणीच विचारणार नाही."

सरलाबाईंनी आपली पुरी संपवली, रुमालाला हात पुसले, चष्मा नीट केला आणि बाकावर तिच्याकडे वळून बसल्या.

"सकाळी उठल्यावर आधी काय करायचा?"

गिरिजाने त्यांच्याकडे पाहिलं.

"सांग की. मी विचारतेय."

"खिडकी उघडायचा," गिरिजा म्हणाली. "कितीही थंडी असली तरी. मी पांघरूण डोक्यावर ओढून ओरडायचे."

"मग?"

"मग चहा टाकायचा."

"चहा? तो?"

"फार वाईट करायचा, आई. आलं न ठेचता तसंच टाकायचा, अख्खा तुकडा."

"अरे देवा," सरलाबाई म्हणाल्या. "बरं, मग?"

नदीतून एक लांबलचक मालवाहू जहाज हळूहळू चाललं होतं. गिरिजाने पुरीचा तुकडा मोडला आणि पुढचं सांगू लागली.